आमेन जरा लवकर झालं

चर्चच्या पाळकाचं काम बोलण्याचं असतं, असा बहुतेकांचा समज आहे. लग्नाच्या जेवणात शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो, "म्हणजे तुम्ही दर रविवारी उपदेश करता?" मी हो म्हणतो, कारण खरं सांगायला बसलो तर त्याचं जेवण गार होईल. खरं असं की शहरातल्या एका धर्मविद्यालयात मी बावीस वर्षं शिकवलं, आणि पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना मी बोलायला शिकवलं नाही. आपण काय बोललो ते आठवून लिहायला शिकवलं. रविवारी एका लहानशा मराठी मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, उपासना घ्यायचो, तेवढाच माझा बोलण्याचा भाग.

या लिखाणाला आम्ही 'भेटीचा कागद' म्हणायचो. विद्यार्थ्यानं आठवड्यातून एकदा कुणाला तरी भेटायला जायचं. इस्पितळातला रुग्ण असेल, अंथरुणाला खिळलेली आजी असेल, नोकरी गेलेला कुणी असेल. तिथे वही काढायची नाही आणि फोनवर काही टिपायचं नाही. परत आल्यावर त्याच दिवशी एका कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे दोघांचं बोलणं, शब्दाला शब्द, आठवेल तसं. मध्ये कुणी खोकलं, कुणी गप्प बसलं, तेही लिहायचं. उजवीकडे, त्या त्या वेळी आपल्या स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते. मग शुक्रवारी वर्गात एकानं रुग्ण व्हायचं, एकानं पाळक व्हायचं आणि कागद मोठ्यानं वाचायचा. ज्यानं लिहिला त्यानं हाताची घडी घालून ऐकायचं.

यात शिकण्यासारखं काय, असं आमच्या काही प्राध्यापकांनाही वाटायचं. एवढंच, की दुसऱ्याच्या दुःखापुढे उभं राहिल्यावर आपण काय करतो हे माणसाला स्वतःला माहीत नसतं. मंडळीला ते महिन्याभरात कळतं, पण मंडळी सांगत नाही. ती फक्त यायची कमी होते.

पहिला कागद सगळेच खोटा लिहायचे. मुद्दाम नव्हे, चांगुलपणानं. नगरकडच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं की त्याला पाहून रुग्ण म्हणाला, "आपल्या आगमनाने माझ्या व्याकूळ जिवास विसावा लाभला."

मी विचारलं, "कोण होते हे गृहस्थ?"

"मार्केट यार्डात माथाडी आहेत, सर. पाठीचं ऑपरेशन झालंय."

"आणि ते असं बोलले?"

त्यानं बुटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही सर. ते 'बसा की' म्हणाले."

मी त्याला 'बसा की' लिहायला लावलं. पुढच्या कागदात त्याचा माथाडी माणसासारखा बोलायला लागला आणि विद्यार्थीही हळूहळू माणसात आला. आज तो एका मोठ्या मंडळीचा पाळक आहे आणि लोक त्याच्याकडे उठसूट येऊन बसतात, असं ऐकतो.

आणखी एक कागद मला अजून पाठ आहे. कॅम्पातले एक म्हातारे मुसलमान शिंपी, पाय प्लॅस्टरमध्ये. आमचा विद्यार्थी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला गेला होता, यांनीच त्याला हाक मारून बोलावलं. थोड्या गप्पा झाल्या आणि चाचा म्हणाले, "तीन हप्ते झाले बेटा, सख्खा भाऊ बघायला आला नाही," आणि त्यांचा आवाज अडकला. विद्यार्थी म्हणाला, "आपण प्रार्थना करूया." चाचांनी अदबीनं मान खाली घातली. प्रार्थना चांगली लांबलचक झाली. आमेन झाल्यावर चाचांनी मान वर केली आणि विचारलं, "झालं तुमचं? मग आता माझं राहिलंय ते सांगू?"

वर्ग हसला. मला मात्र दुसरंच कुतूहल वाटलं. मी कपाटातले जुने कागद काढले आणि लाल पेन्सिलीनं फक्त एक गोष्ट शोधत गेलो: प्रार्थना नेमकी कुठे सुरू होते? ती भेटीच्या शेवटी यायला हवी, निरोपाची. पण कागदामागून कागद सांगत होते की रुग्ण रडायला लागला, की प्रार्थना. 'देवानं माझंच असं का केलं' असं त्यानं विचारलं, की प्रार्थना. तो गप्प झाला आणि ती शांतता पाळकाला सोसेना, की प्रार्थना. डोळे मिटले की समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि आमेननंतर उठायला मोकळं.

प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, नाहीतर मी दुसरी नोकरी पाहिली असती. पण आमचे लोक तिच्याआड लपतात हे मला इतक्या उशिरा कळलं याचं आश्चर्य वाटत राहिलं. विद्यार्थ्यांनी त्याला नावही ठेवलं, 'आमेन मारणं'. "काल मी चौथ्या मिनिटाला आमेन मारलं, सर," असं ते कबूल करायला लागले. बाहेरच्या पाळकांच्या बैठकांमध्ये माझी थोडी ख्याती झाली. म्हणजे माझ्याबरोबर भेटीला जायला कुणी तयार होईना.

आता शिफारसपत्राचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाळकपदाची दीक्षा द्यायची की नाही हे उमेदवारी समिती ठरवते. समितीकडे जाणाऱ्या फॉर्मवर माझ्यासाठी एक प्रश्न असायचा: 'उमेदवार स्वतःला कितपत ओळखतो?' खाली चार ओळींची जागा. उपदेश फर्डा, हिब्रू उत्तम, पण माझ्या चार ओळी वाईट, असं झालं तर उमेदवाराला एक वर्ष थांबवत. मी तीन-चार जणांना थांबवलंही. त्यातले दोघं अजून मला दिसले की रस्ता ओलांडतात.

रूथ आढाव आमच्याकडे आली तेव्हा अठ्ठावीसची होती. (नावं बदलली आहेत, स्वभाव आहेत तसे ठेवले आहेत.) हिंजवडीच्या एका कंपनीत चार वर्षं नोकरी करून, ती सोडून आलेली. बोलणं सरळ, थोडं धारदार, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहण्याची सवय. मला ती आवडायची आणि तिची थोडी धास्तीही वाटायची. शेवटच्या वर्षी मी तिला माझ्याच मंडळीतल्या साळवे सिस्टरांकडे भेटीला पाठवत होतो.

साळवे सिस्टर निवृत्त परिचारिका. वय ऐंशीच्या आसपास, हृदय थकलेलं, राहायला गुलटेकडीला दुसऱ्या मजल्यावर, भाचीबरोबर. मीही महिन्यातून एकदा जायचो. रूथचे तिथले कागद चांगले असायचे. एक मात्र अर्ध्यावर तुटलेला आला. डावीकडे सिस्टर म्हणतात, 'दार लोटून घे.' त्याखाली रूथनं लिहिलं होतं: 'इथून पुढचं लिहिण्याची मला परवानगी नाही.' आणि उजवी बाजू मात्र पूर्ण भरलेली: भीती वाटली, उठून जावंसं वाटलं, बसून राहिले. मी त्या कागदावर लाल पेन्सिलीनं 'टाळाटाळ' असा शेरा मारला. बावीस वर्षांत मला कुणी परवानगीचं सांगितलं नव्हतं.

पुढच्याच शुक्रवारी तिनं हात वर केला. "सर, आम्ही दर आठवड्याला लिहितो. तुमचा कागद आम्ही कधी वाचायचा?"

वर्गात चुळबुळ झाली. मी हसून म्हटलं, "लिहितो की. त्यात काय."

बुधवारी सकाळी मी सिस्टरांकडे गेलो. तासभर बसलो. परत येऊन कागदावर रेघ मारली आणि लिहायला घेतलं, तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. माझी वाक्यं मला सगळी आठवत होती, स्वल्पविरामांसकट. सिस्टरांची आठवत नव्हती. त्या काहीतरी बोलल्या होत्या, मध्ये खिडकीबाहेर टेम्पो मागे घेताना वाजत होता तेही आठवत होतं, पण त्या काय म्हणाल्या ते मोठ्या कष्टानं चारपाच वाक्यांत जमवलं. उजवी बाजू संध्याकाळपर्यंत कोरीच राहिली. मी मनाशी म्हटलं, अनुभवी माणसाच्या मनात खळबळ नसते, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नसावं.

शुक्रवारी रूथ सिस्टर झाली. दुसरा एक विद्यार्थी मी झाला आणि त्यानं माझा आवाज इतका हुबेहूब काढला की मला तो आवडला नाही. वाचन असं चाललं होतं:

"पाळकसाहेब, एक सांगायचं होतं."

"सांगा ना. पण आधी गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"घेते. माझ्या दफनाचं जरा बोलायचं होतं."

"दफनाचं कशाला आत्ता? देव समर्थ आहे. तुम्ही अजून नातवंडांची लग्नं बघाल."

"मला नातवंडं नाहीत, पाळकसाहेब."

"चला, आपण प्रार्थना करूया."

कुणीही हसलं नाही. रूथनं कागद खाली ठेवला. "सर, त्या दोनदा सांगायला गेल्या."

"हं."

"आणि उजवी बाजू कोरी आहे. आमची कोरी असली की तुम्ही विचारता, तिथे काय लपवलंय."

वर्गातल्या अकरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. घड्याळात दहा मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, "वेळ झाली आहे. आपण प्रार्थना करूया." आणि खरोखरच केली, डोळे घट्ट मिटून. आमेन म्हणून डोळे उघडले, तर रूथ आधीपासूनच उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. इस्पितळात रुग्णाकडे बघावं तसं ती बघत होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

शनिवारी शिफारसपत्रं भरायची होती. रूथच्या फॉर्मवर मी चार ओळी लिहिल्या: 'बुद्धी तल्लख. परंतु वडीलधाऱ्यांविषयी आदर कमी. स्वतःच्या मर्यादांची जाणीव अद्याप नाही. एक वर्ष थांबावे.' अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं होतं. लिफाफा ऑफिसात दिला. समितीची बैठक मंगळवारी होती, सोमवारी संध्याकाळी सगळे लिफाफे तिकडे जाणार होते. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "कुणाशी भांडलात?" मी म्हटलं, "कुणाशीच नाही." ते खरं होतं. भांडलो असतो तर निदान रूथला बोलता तरी आलं असतं.

रविवारी मी 'प्रभू अंतःकरण पाहतो' या विषयावर उपदेश केला. लोकांना आवडला. मला माझाच आवाज ऐकू येत होता, त्या विद्यार्थ्यानं काढलेला. सोमवारी दुपारी तीनला मी पिशवी घेतली आणि गुलटेकडीला गेलो. सिस्टरांना काय सांगायचं होतं याची आता मला भूक लागल्यासारखी उत्सुकता लागली होती. बरं वाटावं म्हणून गेलो की ऐकावं म्हणून, हे आजही नक्की सांगता येत नाही.

"सलाम, सिस्टर. बुधवारी तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकलं नाही."

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज कसं काय सुचलं? बसा. आणि ती पिशवी तिकडे खुर्चीवर ठेवा."

पिशवीत माझं बायबल आणि गायनपुस्तक असतं. मी ती ठेवली.

"माझ्या दफनाला उपदेश तुम्ही करायचा नाही," त्या म्हणाल्या.

मी पिशवीकडे पाहिलं.

"मी तुमच्या हातचे कितीतरी दफनविधी ऐकलेत, पाळकसाहेब. सगळे सेवाभावी होते, सगळे शांत होते, सगळे प्रेमळ होते. आपल्या मंडळीत एकच माणूस पुन्हा पुन्हा मरतो असं वाटतं. मी तशी नव्हते."

"मग कशा होतात?"

हा प्रश्न मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारला. सिस्टर खिडकीकडे बघत बोलत राहिल्या. तरुणपणी त्या स्त्रियांच्या वॉर्डात होत्या, शिस्तीला कडक. भेटीची वेळ संपली की घंटा, आणि घंटा झाली की एकही नातेवाईक आत राहायचा नाही. एका बाईजवळ तिचा नवरा बसला होता, खेड्यातून आलेला. तो म्हणाला, बाई, पाचच मिनिटं, ती काहीतरी सांगतीय. सिस्टरांनी त्याला दंडाला धरून उठवलं. तो जिना उतरत होता तेवढ्यात ती बाई गेली. तो परत वर आला आणि त्यानं एवढंच विचारलं, "काय म्हणत होती?"

"मला माहीत नव्हतं," सिस्टर म्हणाल्या. "मी ऐकलंच नव्हतं. मी घड्याळ बघत होते."

माझा हात आपोआप खुर्चीवरच्या पिशवीकडे गेला.

"पाळकसाहेब," सिस्टर म्हणाल्या, "हात."

मी हात मांडीवर घेतला. खाली यार्डातले टेम्पो ये-जा करत होते. मग त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं हे कुणाला तरी सांगायचं होतं. तुम्हाला सांगायला मी चारदा तोंड उघडलं. शेवटी त्या मुलीला सांगितलं. दार लोटून घे म्हटलं आणि सांगितलं. ती रडली नाही, समजूत काढली नाही, प्रार्थनाही केली नाही. जाताना विचारलं फक्त, 'पुन्हा येऊ का?' मी तिला बजावलं होतं, मी जिवंत आहे तोवर कुठे बोलायचं नाही. मेल्यावर खुशाल सांग. माझं दफन तिनं करावं, दीक्षा झाली की. कधी आहे तिची दीक्षा?"

'टाळाटाळ' हा शब्द माझ्या लाल अक्षरात माझ्यापुढे आला. मी सिस्टरांना सगळं सांगितलं: कागद, वर्ग, प्रार्थना, फॉर्म, एक वर्ष. सांगताना मला लाज वाटली, आणि ती वाटत असतानाही, अशा वेळी माणूस किती नीटनेटकी वाक्यं करतो याचं नवलही वाटलं.

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "वर्षभर मी राहणार नाही. तुमचं ऑफिस पाचपर्यंत असतं ना?"

"हो."

"मग इथे काय बसलाय?"

स्वारगेटच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा मी आयुष्यात प्रथमच सिग्नलसाठी प्रार्थना केली, आणि ती पळवाट नव्हती असं माझं मत आहे. ऑफिसातले कारकून लिफाफे पिशवीत भरत होते. म्हणाले, "खाडाखोड चालत नाही, सर. नवा फॉर्म भरा, जुना फाडा. आणि लवकर." मी उभ्यानंच भरला. 'उमेदवार स्वतःला कितपत ओळखतो?' या प्रश्नाखाली लिहिलं: 'भीती वाटली तरी बसून राहते, आणि भीती वाटली हे लिहिते. दुसऱ्याचं गुपित स्वतःच्या गुणांसाठी विकत नाही. दीक्षा द्यावी.' अक्षर वाकडंतिकडं आलं.

दीक्षा झाली. सिस्टर व्हीलचेअरवर बसून आल्या होत्या. त्यानंतर तीनेक महिन्यांनी त्या गेल्या. दफनविधी रूथनं घेतला आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो. रूथनं त्या नवऱ्याची आणि घंटेची गोष्ट सांगितली, कमी शब्दांत. सांगितलं की सिस्टर कडक होत्या, कधी कधी कठोर होत्या, आणि त्या एका दुपारनंतर निवृत्तीपर्यंत त्यांच्या वॉर्डातली घंटा वेळेवर वाजली नाही, त्याबद्दल त्यांना दोनदा मेमो मिळाले. मी अकरा वर्षं त्यांचा पाळक होतो. मेमोचं मला ठाऊक नव्हतं.

लोक पांगल्यावर रूथ दफनभूमीच्या फाटकाशी पाळकाच्या झग्याची घडी करत उभी होती. मी पुढे झालो. गेले कित्येक महिने मी तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होतो.

"रूथ, एक सांगायचं होतं."

तिनं झगा हातावर टाकला आणि शेजारच्या सिमेंटच्या बाकावर बसली. "बोला, सर."

मी तिला पहिल्या फॉर्मबद्दल सांगितलं. चारही ओळी, जशा लिहिल्या होत्या तशा. का लिहिल्या तेही. या वेळी उजवी बाजू कोरी ठेवली नाही. ती ऐकत होती, नेहमीसारखी माझ्याकडे बघत. माझं संपलं तरी ती काही बोलेना. ती शांतता मला सोसेना.

"प्रार्थना करूया का?" मी विचारलं.

"थांबा, सर," रूथ म्हणाली. "अजून माझं राहिलंय."

मग ती बोलली, आणि बराच वेळ बोलली. मी सगळं ऐकलं. ते इथे लिहिण्याची परवानगी तिनं मला दिलेली नाही.